थामेहून पत्र: तिन्ही खिंडी झाल्या, पण मी अजून थांबतेय

थामे, सोलुखुंबू, नेपाळ
१४ नोव्हेंबर २०२४

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
शि. सा. नमस्कार वि. वि.

एव्हरेस्टच्या भागातल्या तिन्ही खिंडी ओलांडून काल दुपारी मी थामे गावात उतरले. तब्येत चांगली आहे. ओठ फुटलेत, चेहरा उन्हाने काळवंडलाय, एवढंच. बाकीची मंडळी उद्या लुक्लाकडे निघतील आणि त्यांच्याबरोबर हे पत्र पुण्याला जाईल, तिथून महाडला आपल्या घरी. मी मात्र त्यांच्याबरोबर येत नाहीये. आणखी आठवडाभर इथेच राहणार आहे. फोनवर एवढंच सांगितलं असतं तर आईला रात्रभर झोप लागली नसती, म्हणून कारण नीट लिहून कळवते.

बाबा, तुम्ही नकाशावर पेन्सिलीने तीन खुणा केल्या होत्या: कोंगमा ला ५५३५ मीटर, चो ला ५४२०, रेंजो ला ५३६० (ला म्हणजे खिंड). घरात सगळं बोलणं या आकड्यांवरच चालायचं. इथे आल्यावर कळलं की खिंडी आपापल्या जागी पक्क्या आहेत. चढायला दम लागतो, पण दगडाचा भरवसा असतो. खरी परीक्षा आहे ती खिंडींच्या मधल्या हिमनद्यांची, आणि त्या जागेवर राहिलेल्या नाहीत. मला सांगायचंय ते हेच.

उंचीचं आधी सांगते, कारण आईचा पहिला प्रश्न तोच असणार. लुक्लाचा विमानतळच २८४५ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा बाराशे मीटर उंच. तिथून वर जायचं ते सावकाश. तीन हजारांच्या वर गेलं की रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि अधूनमधून एक दिवस त्याच गावात थांबायचं. नामचे बाजारला आणि दिंगबोचेला आम्ही तसे थांबलो. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्माच उरतो. लोबुचेत माझा ऑक्सिमीटर ऐंशीच्या आसपास दाखवत होता. महाडात असा आकडा दिसला असता तर तुम्ही मला उचलून दवाखान्यात नेलं असतं. इथे तेवढ्यावर माणसं दालभात खातात आणि पत्ते खेळतात, कारण शरीराने हळूहळू सवय करून घेतलेली असते. पण डोकं दुखायला लागलं आणि थांबेना, तर गोळ्यांच्या जोरावर वर जायचं नाही, खाली उतरायचं. आमच्यातल्या एका दादाला लोबुचेत रात्रभर ओकाऱ्या झाल्या. पहाटे गाईड त्याला घेऊन फेरिचेला उतरले. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना १९७३ पासून चालतो. संध्याकाळपर्यंत तो जेवायला लागला. नंतर तो सरळ नामचेला गेला, आणि काल मुद्दाम थामेपर्यंत चढून आम्हाला भेटला. पत्र तोच घेऊन येतोय. त्याने उतरायचं ठरवलं तेव्हा गटात कुणी एका शब्दानेही त्याला अडवलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

दिंगबोचेच्या वर छुकुंग हे शेवटचं वस्तीचं ठिकाण. सवयीसाठी आम्ही छुकुंग री चढलो आणि वरून इम्जा त्सो तळं पाहिलं. सत्तर वर्षांपूर्वी तिथे तळं नव्हतं, हिमनदीवर साचलेली लहान लहान डबकी होती. ती एकमेकांना मिळत गेली आणि आज तिथे एक चौरस किलोमीटरपेक्षा मोठं पाणी आहे. ते अडवून धरलंय कशाने, तर हिमनदीने स्वतःच आणून टाकलेल्या दगडमातीच्या बांधाने, आणि त्या बांधाच्या पोटात बर्फ आहे. खाली दिंगबोचेची बटाट्याची शेतं. २०१६ साली नेपाळच्या सैन्याने तिथे चर खणून दार बसवलं आणि पाण्याची पातळी तीन मीटरपेक्षा जास्त खाली आणली. पाच हजार मीटरवर, अर्ध्या हवेत हे काम केलं त्या लोकांनी! मला ते कुठल्याही शिखरचढाईपेक्षा मोठं वाटतं.

कोंगमा लाच्या दिवशी अंधारातच निघालो. छुकुंग ते लोबुचे वाटेत एक चहाची टपरीसुद्धा नाही, म्हणून पाणी आणि खाणं पाठीवर. माथ्याखाली दोन-तीन निळी तळी लागतात, मग दगडांची चढण, आणि वर पताका. मागे मकालू, समोर लोबुचे शिखर. बाबा, मला तिथे रडू आलं. पण दिवस तिथे संपला नाही. पलीकडे मोठमोठ्या धोंड्यांवरून उतरून पाय थकल्यावर खुंबू हिमनदी आडवी येते. चित्रात असते तशी पांढरी नाही. वरून सगळी करडी, दगडगोट्यांनी झाकलेली. दगडांच्या लगोऱ्या रचून वाट दाखवलेली असते, पण गाईडदाई (नेपाळीत दाई म्हणजे दादा) प्रत्येक लगोरीपाशी थांबून आधी पुढची जमीन पाहत होते. एका वळणावर दगडाखालचा बर्फ उघडा पडला होता. माझ्यापासून दोन हातांवर घरापेक्षा उंच भिंत. काळपट, आत खडे रुतलेले, आणि तिच्या सगळ्या अंगावरून पाणी खाली पाझरत होतं. वरच्या कडेवरून दर थोड्या वेळाने एखादा दगड सुटायचा आणि खालच्या हिरवट डबक्यात पडायचा. दाईंनी हाताने खूण केली, बोलायचं नाही, थांबायचं नाही. आम्ही एकेक करून तिथून निघालो.

बेसकॅम्प आणि काला पत्थरबद्दल तुम्ही इतकं वाचलंय की पुन्हा लिहीत नाही. नोव्हेंबरात तिथे तंबू नसतात. सुरेंद्र चव्हाण १९९८ साली एव्हरेस्टवर पोचले तेव्हाचं कात्रण बाबांनी कपाटात जपून ठेवलंय, त्याची मात्र तिथे फार आठवण आली.

चो ला वेगळीच. झोंगला गावातून पहाटे डोक्याला दिवे बांधून निघायचं, कारण ऊन वर आलं की गोठून चिकटलेले दगड सुटायला लागतात. खडकांची चढण संपली की बर्फाचा पट्टा येतो, बुटांना काटे लावून तो पार करायचा. दोरी लागली नाही. मागे वळलं की आमा दाब्लम उजळत होता. माथ्यापलीकडची थांगनाककडची उतरण फारच वाईट, सगळी घसाऱ्याची. दाई सांगत होते, ते पहिल्यांदा इथे आले तेव्हा बर्फ खडकाला बराच वरपर्यंत भिडलेला होता. आता मधे उघडा खडक पडलाय, तिथेच लोक घसरतात.

थांगनाकहून गोक्योला जाताना न्गोझुम्पा हिमनदी ओलांडावी लागते. नेपाळमधली सगळ्यात लांब, सुमारे ३६ किलोमीटर. वसंतात दाई ज्या वाटेने गेले होते ती वाट आता तळ्यात गेलीय. त्यांनी आम्हाला काठावर बसवून ठेवलं, स्वतः पुढे जाऊन दुसरी शोधली आणि परत येऊन आम्हाला नेलं. आमच्या सामानाचा भार वाहणारा राई समाजाचा मुलगा डोक्याला नाम्लोचा पट्टा लावून तीस किलो घेऊन याच दगडांवरून चालत होता. दम खायचा झाला की टोकमा नावाची काठी पाठीमागच्या ओझ्याखाली टेकवायची आणि उभ्याउभ्याच श्वास घ्यायचा. ओझं खाली ठेवलं तर एकट्याने पुन्हा उचलता येत नाही. भाऊबीज वाटेतच आली. नेपाळी लोक त्या दिवशी भाईटीका करतात. त्याची बहीण गावी, माझा भाऊ पुण्यात, म्हणून लॉजवालीकडून तांदूळ मागून मी त्याला टिळा लावला. तो लाजला, पण नंतर रोज सकाळी माझी बाटली गरम पाण्याने भरून ठेवायचा.

आई, खाण्याची काळजी करू नकोस. इथे रिकिकुर म्हणून एक प्रकार करतात, बटाट्याचं थालीपीठच समज, वर याकचं लोणी आणि झणझणीत चटणी. रात्री जेवणाच्या खोलीत एकच शेगडी, तिच्यात याकच्या वाळलेल्या शेणी घालतात. सगळे तिच्याभोवती. झोपायच्या खोलीत बाटलीतलं पाणी गोठतं, म्हणून बाटली झोपायच्या पिशवीत घेऊन झोपायचं. गोक्योच्या तळ्यावर श्रावण पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. आपण नारळ सोडतो त्याच दिवशी इथे लोक साडेचार हजार मीटरच्या वर येऊन स्नान करतात. तुला घेऊन यावंसं वाटलं.

रेंजो लावरून शेवटचं एव्हरेस्ट दिसलं, खाली गोक्योचं तळं. पश्चिमेकडे दगडी पायऱ्या बांधलेल्या आहेत, उतरायला सोपं. लुंगदेनला मुक्काम करून काल थामेला आलो.

आता मुख्य गोष्ट. हे तेन्झिंग नोर्गे यांच्या लहानपणाचं गाव. यंदा १६ ऑगस्टला वरच्या बाजूची हिमतळी फुटली आणि पाणी दगडवाळू घेऊन गावातून गेलं. दिवसाढवळ्या आलं म्हणून माणसं वर पळू शकली. शाळा गेली, दवाखाना गेला, कितीतरी घरं आणि लॉज गेले. शाळा हिलरींच्या ट्रस्टने साठच्या दशकात बांधलेली. याच खोऱ्यात १९८५ मध्येही दिग त्सो हे तळं फुटून जवळजवळ पूर्ण झालेला वीजप्रकल्प वाहून गेला होता, पण या वेळी फुटली ती तळी लहान होती, मोठ्या तळ्यांइतकं कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

ओढ्याकाठच्या एका घरात मी काल गेले. खिडकीच्या चौकटीपर्यंत करडी वाळू. एका मावशींनी दारापासून चुलीपर्यंत खणून वाट केलीय. शेर्पांच्या घरात तांब्याची मोठी भांडी मांडणीवर ओळीने लावलेली असतात. त्यांनी ती एकेक उकरून काढून, घासून अंगणात उन्हात ठेवली होती. एकाला पोचा आला होता, तो त्या दगडाने ठोकून सरळ करत होत्या. आई, २०२१ च्या जुलैत सावित्रीचं पाणी ओसरल्यावर तू अशीच अंगणात घंगाळ घासत बसली होतीस. तेव्हा आपल्या घरातला चिखल उपसायला कोण कुठली पोरं आली होती. त्यांची नावंसुद्धा आपल्याला ठाऊक नव्हती. बाबा त्यांना पैसे द्यायला लागले, त्यांनी घेतले नाहीत.

मी मावशींना विचारलं, मी राहू का? दाईंनी भाषांतर केलं. त्या म्हणाल्या, फावडं आहे, जेवण आहे, दुपारी वारा सुटतो तेव्हा काम बंद. बर्फ पडायच्या आत दोन खोल्या मोकळ्या करायच्यात. त्यांच्या बहिणीचं घर वर, मठाच्या अंगाला आहे. पाणी तिथवर पोचलं नव्हतं. मी तिथे झोपते. ३८०० मीटर उंची आहे, शरीराला आता ती काहीच वाटत नाही. दाई दोन दिवस माझ्याबरोबर आहेत, मग ते लुक्लाला दुसऱ्या गटाला घ्यायला जातील. परतताना तेच मला नामचेहून खाली नेतील. ऑफिसला कळवलंय, रजा मिळालीय.

बाबा, तुम्ही रागावणार नाही याची मला खात्री आहे. आईची समजूत तुम्ही घाला. आणि एक काम करा. पुरानंतर आपल्याकडे जुन्या तांबा-पितळेची दुरुस्ती आणि कल्हई करणारे जे काका आले होते, त्यांना विचारा की फुटलेल्या जाड तांब्याच्या बुडाला झाळ देता येते का, आणि त्यासाठी काय सामान लागतं. मावशींचं सगळ्यात मोठं भांडं तळाशी चिरलंय. ते त्यांच्या सासूचं आहे. उत्तर मला मेसेजवर कळवा, थामेत कधीकधी रेंज येते.

छोट्याला आशीर्वाद, आजीला नमस्कार.

तुमची,
बाय

ता. क. – वीर स्टेशनवर न्यायला येऊ नका. लुक्लाचं विमान हवेवर अवलंबून असतं, दोन दिवस इकडेतिकडे होतील. मुंबईहून निघाले की फोन करेन.