ट्रॉली ओढणारे बल लटकत्या वजनाएवढे नसते

संपादक महोदय,

बल = वस्तुमान × त्वरण हे सूत्र नववी-दहावीची मुले झोपेतही म्हणतील. पण टेबलावर ट्रॉली, कडेला कप्पी आणि दोऱ्याला लटकते वजन ठेवून त्वरण काढायला सांगितले की बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. ट्रॉली 500 ग्रॅम, लटकते वजन 50 ग्रॅम. मुले त्या 50 ग्रॅमच्या 0.49 न्यूटन वजनाला 0.5 किलोने भागतात आणि 0.98 लिहून मोकळी होतात. वास्तविक ते 0.49 न्यूटन बल ट्रॉलीबरोबर खाली उतरणाऱ्या 50 ग्रॅमलाही गती देत असते. म्हणजे भागायचे 0.55 ने, आणि उत्तर 0.89 मीटर प्रति सेकंद वर्ग.

एवढा फरक 'घर्षणामुळे' या शेऱ्याखाली सहज खपतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. लटकते वजन 200 ग्रॅम केले तर चुकीचे उत्तर 3.92 येते आणि बरोबर उत्तर 2.8. आता घर्षणाच्या माथी किती मारणार? ट्रॉलीवर ताणकाटा, म्हणजे बल मोजणारा स्प्रिंगचा काटा, बसवून (काट्यासह वस्तुमान 500 ग्रॅम) दोरा त्याला बांधावा. ट्रॉली हाताने धरली असताना काटा 1.96 न्यूटन दाखवेल. सोडली की तोच काटा 1.4 वर येतो. मोबाईलवर चित्रण केले तर ही उतरण मागच्या बाकावरही दिसते.

बल वाढवत त्वरण मोजण्याच्या मूळ प्रयोगाची मांडणी मात्र काळजीपूर्वक हवी. हार्डवेअरच्या दुकानातले साधारण 20 ग्रॅमचे पाच वॉशर घ्यावेत, पण वजन छापील न धरता सोनाराच्या काट्यावर करून घ्यावे. पाचही वॉशर आधी ट्रॉलीत ठेवायचे आणि एकेक काढून दोऱ्याच्या आकड्याला अडकवत जायचे. बाहेरून नवे वॉशर आणून लटकवले तर बल आणि एकूण वस्तुमान एकदमच बदलतात आणि आलेख वाकतो. रिकामी ट्रॉली 450 ग्रॅमची असेल तर एकूण 550 ग्रॅम कायम राहतात (आकडा हलका असावा, नाहीतर तोही मोजावा). मग एका वॉशरला 0.36, तीनला 1.07, पाचला 1.78 असे त्वरण यायला हवे.

दोरा म्हणून तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) उत्तम, तो ताणला जात नाही म्हटले तरी चालेल. कप्पीऐवजी खिळा वापरू नये, तिथले घर्षण कप्पीच्या कितीतरी पट असते. ट्रॉली ज्या फळीवर धावते, तिला दोरा समांतर हवा. तिरका राहिला तर बलाचा काही भाग ट्रॉली उचलण्यात किंवा दाबण्यात जातो.

घर्षण भरून काढण्यासाठी फळीचे मागचे टोक वह्या सरकवून थोडे उचलायचे. दोरा सोडवून ट्रॉलीला हलकासा धक्का दिल्यावर ती एकसारख्या वेगाने गेली पाहिजे. 0.05 न्यूटन घर्षण असेल तर मीटरभर लांब फळीला सुमारे एक सेंटीमीटर उंची पुरते. हे न केल्यास एका वॉशरचे त्वरण 0.36 ऐवजी 0.27 च्या आसपास येईल. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: टेबल 75 सेंटीमीटर उंच असेल तर वॉशर जमिनीला टेकल्यावर दोरा सैल पडतो आणि ट्रॉली पुढे नुसती आपल्या वेगाने जाते. म्हणून मोजणी पहिल्या 60 सेंटीमीटरमध्येच संपवावी.

तीन वॉशरना हे अंतर कापायला जेमतेम 1.06 सेकंद लागतात. घड्याळाचे बटण 0.1 सेकंद उशिरा दाबले तर 1.07 चे 0.89 होते, कारण त्वरण काढताना वेळेचा वर्ग होतो. हातघड्याळ इथे कुचकामी. मोबाईलने सेकंदाला 240 चित्रे घेणारी संथगती चित्रफीत काढून चित्रे मोजली की काम होते. साध्या 30 चित्रांच्या चित्रफितीतही चूक सहा-सात टक्क्यांवर आटोपते.

एवढा थोडा वेळ अचूक मोजण्यापेक्षा गतीच कमी करावी, हा मार्ग इंग्लिश शास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅटवूड यांनी 1784 मध्येच छापून ठेवला आहे: कप्पीच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखी वजने. 500 आणि 510 ग्रॅम लावले तर त्वरण 0.1 पेक्षा किंचित कमी येते आणि साधे घड्याळही पुरते. फक्त कप्पी हलकी हवी, जड कप्पी फिरवण्यातही बल खर्ची पडते.

आता आलेखाबद्दल. त्वरण उभ्या अक्षावर आणि लटकते वजन (न्यूटनमध्ये) आडव्या अक्षावर घेतले तर रेषा आरंभबिंदूतून जावी. ती आडव्या अक्षाला उजवीकडे छेदत असेल तर घर्षण शिल्लक आहे आणि छेद जिथे आला तेवढेच ते आहे. उभ्या अक्षाला वर छेदत असेल तर फळी जास्त उचलली गेली. अशी रेषा काढून तिचे कारण लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आज गुण कापले जातात, आणि मित्राच्या वहीतून उतरवलेली सरळ रेषा पूर्ण गुण घेऊन जाते. प्रात्यक्षिक परीक्षेच्या गुणदानात निम्मे गुण तरी रेषा कुठे छेदते व का, या उत्तराला द्यावेत, अशी मंडळाला आमची विनंती आहे.

— माध्यमिक शाळांतील काही विज्ञान शिक्षक, सांगली