नाग नदीच्या पाण्याला ओझोनची जोड द्या

महोदय,

नाग नदीच्या पुलावरून जाताना आजही नाकाला रुमाल लावावा लागतो. घरांच्या सांडपाण्यात कारखान्यांचे, वर्कशॉपचे पाणी मिसळले की प्रक्रिया केंद्रातील जिवाणूंची दमछाक होते. मैला ते पचवतात; कापडाचे रंग, काही औषधांचे अंश मात्र तसेच पुढे जातात.

इथे ओझोन कामी येतो. तो रंगाच्या रेणूंतील दुहेरी बंध तोडतो, त्यामुळे पाण्याचा रंग झपाट्याने उतरतो. उरलेले तुकडे जिवाणूंना पचायला सोपे जातात, म्हणून ओझोननंतर वाळूची जैविक गाळणी हवीच. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळ ड्युबेनडॉर्फच्या केंद्रात २०१४ पासून ओझोन वापरला जातो.

ओझोन साठवता येत नाही. तो जागेवरच तयार करावा लागतो आणि किलोमागे दहा युनिट किंवा त्याहून जास्त वीज लागते. एवढा महाग वायू कच्च्या, गढूळ सांडपाण्यावर उधळणे म्हणजे पैसा पाण्यात! आधी जैविक प्रक्रिया, मग ओझोन. जड धातू आणि क्षार त्याने जात नाहीत, ते कारखान्याच्या दारातच अडवले पाहिजेत.

महापालिकेने निदान एक छोटा प्रायोगिक संच बसवावा आणि आधीचे-नंतरचे आकडे दर महिन्याला जाहीर करावेत. आपले हे पाणी कन्हानमार्गे वैनगंगेत आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. तिथले मासेमार आणि शेतकरी ते रोज हाताळतात.

— एक वाचक, नंदनवन, नागपूर