रव्याची पेस्ट्री ग्लूटेन-फ्री कशी?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी ग्लूटेन-फ्री क्रीम पेस्ट्री करायची रेसिपी आलीय, फोटो मस्त, पण साहित्यात मैद्याच्या जागी बारीक रवा घ्या म्हणून लिहिलंय ते वाचून लिहायला बसले. अहो, रवा गव्हाचाच ना, आणि ग्लूटेन म्हणजे गव्हातलंच प्रथिन! मैदा, रवा, दलिया सगळं गव्हातूनच निघतं. डाएट म्हणून करणाऱ्यांचं एक वेळ ठीक आहे पण माझ्या भाचीला सीलिएक आहे, म्हणजे ग्लूटेन अजिबात न चालणारा आजार, अशा माणसाच्या पोटात थोडासा गहू गेला तरी लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते, त्रास जाणवो न जाणवो, आणि त्यावर गोळी-औषध काही नाही, जन्मभर ग्लूटेन टाळायचं, बस.

बरं, रव्याची गरजही नाही हो. बेकरीतल्या क्रीम रोलला पदर लागतात आणि पदरांना ग्लूटेनचा ताण लागतो, तो घरी बिनगव्हाचा जमवणं खरंच कठीण. पण एक्लेअर, क्रीम पफ ज्या पिठाचे होतात ते शू पेस्ट्रीचं पीठ वेगळं, ते आतल्या वाफेनं फुगतं आणि अंडं नि शिजलेला स्टार्च त्याला उभं धरतात, ग्लूटेन नसलं तरी फारसं अडत नाही. आणि पहिली पायरी तर आपण गणपतीत करतोच, मोदकाची उकड! 250 मिली पाणी, 100 ग्रॅम लोणी, चिमूटभर मीठ उकळायचं, 90 ग्रॅम तांदळाची बारीक पिठी आणि 50 ग्रॅम कॉर्नफ्लोर (पांढरं, मक्याचं पिवळं पीठ नव्हे) एकदम ओतून घोटायचं, गोळा भांडं सोडायला लागला की गॅस बंद. जरा निवू द्यायचं, नाहीतर अंडी शिजतात. मग 4 अंडी एकेक करून फेटत घालायची, शेवटचं बेतानं, पीठ चमच्यावरून जड पडलं पाहिजे, वाहता कामा नये. ट्रेवर छोटे गोळे घालून ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) 200 डिग्रीवर 20-25 मिनिटं, मग 170 वर आणखी 15, आणि मधे दार उघडायचं नाही म्हणजे नाही, खाली बसतात. काढल्यावर बुडाला भोक पाडायचं, वाफ निघून जाते. अंडं चालत नसेल त्यांनी या वाटेला जाऊच नये, बिनअंड्याचे हे फुगतच नाहीत.

आत कस्टर्ड भरा, पण मला विचाराल तर घट्ट चक्का, पिठीसाखर, वेलची, केशर आणि थोडं फेटलेलं क्रीम, त्याच्यापुढे बेकरीचं ते डालड्यासारखं क्रीम काहीच नाही. भरायचं मात्र ऐन खायच्या वेळी, नाहीतर कवच मऊ पडतं.

खरी गडबड चक्कीवर होते. गव्हामागून आपले तांदूळ तिथेच दळतात, उपासाचं राजगिरा-शिंगाड्याचं पीठसुद्धा, आणि आपण उपासाचं आहे म्हणून निर्धास्त! तांदूळ धुऊन वाळवून घरीच मिक्सरवर काढून चाळावेत. पाकीट आणलं तर लेबल बघा, एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या) नियमात ग्लूटेन-फ्री लिहायला किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. आपल्या इंदूरात पोहे-जिलबीतली जिलबी मैद्याची हे सगळ्यांना ठाऊक, पण पोह्यांवरच्या शेवेतला हिंग कोण बघतो? बांधणीच्या (पीठ मिसळून केलेल्या) हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ असतं. भाचीला घेऊन सराफ्यात, इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गेलं की भुट्ट्याच्या किसालाही हाच प्रश्न, आणि विचारलं की गाडीवाला आपल्याकडेच बघत बसतो.

आणखी एक, सीलिएकची शंका आली म्हणून कुणी आपल्या मनानं गहू बंद करून मग तपासणीला जाऊ नये, रक्ताचा रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, आधी डॉक्टर.

तर दुरुस्ती छापा, आणि ती कुठे कोपऱ्यात नको, त्याच पुरवणीत जिथे रेसिपी होती तिथेच, कारण कात्रणं कापून ठेवणाऱ्या बायका तेच पान उघडतात. शक्य असेल तर येत्या रविवारीच.

— एक वाचक, इंदूर