निळा दिवा लागला म्हणजे पाणी शुद्ध झालं का?

संपादक महोदय,

पावसाळ्यातल्या पाण्यावरचा तुमच्या पेपरातला लेख वाचला, चांगलाच होता, पण घरात यूव्ही प्युरिफायर (अतिनील किरणांच्या दिव्याने जंतू मारणारा) असेल तर काळजी नको असं त्यात एका ओळीत उरकलंय ना, तिथे अडखळलो. कारण आमच्याकडे यूव्ही होता आणि तरी यंदा घरातल्या तिघांची पोटं बिघडली.

आम्ही धायरीचे. जानेवारी 2025 मध्ये किरकटवाडी, नांदेड, सिंहगड रोड या पट्ट्यात जीबीएसचे (हा नसांचा आजार, दूषित पाण्याशी जोडला गेला होता) पेशंट निघायला लागले तेव्हा बिल्डिंगमध्ये प्युरिफायर घ्यायची नुसती रांग लागली होती, आम्ही मात्र निवांत, आपल्या मशीनचा निळा दिवा लागतोय की! यंदा पोटं बिघडल्यावर शेजारच्या काकांनी (पाणी तपासायच्या लॅबमधून रिटायर झालेत) एक छोटी बाटली आणून दिली, ती एचटूएसची, म्हणजे पाण्यात मैल्याचे जंतू आहेत का ते दाखवणारी, ग्रामपंचायतीत वापरतात ती. मशीनच्या नळाचं पाणी तिच्यात खुणेपर्यंत भरलं, झाकण लावून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर पाणी शाईसारखं काळंकुट्ट. काळं होणं म्हणजे पाण्यात मैल्याचे जंतू असणार.

दुसरा मेकॅनिक बोलावला, त्याने मशीन खोललं आणि हसायलाच लागला. दिवा ज्या नळीत बसतो ती क्वार्ट्झची लागते, आमच्याकडे साधी काच! आधीच्या एएमसीवाल्याला (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट घेतो तो) फोन लावला तर म्हणे, साफ करताना फुटली, क्वार्ट्झची स्टॉकमध्ये नव्हती, पण दिवा तर लागतोय ना साहेब. आता काय बोलणार?

मुद्दा असाय की जंतूंना मारणारा प्रकाश साधारण 254 नॅनोमीटरचा असतो, तो आपल्याला दिसतच नाही. तो जंतूच्या डीएनएवर घाव घालतो, म्हणजे जंतू पाण्यात राहतो पण त्याची पिलावळ वाढत नाही. दिसतो तो निळा उजेड नुसता वरचा. साधी काच निळा उजेड बाहेर सोडते आणि कामाचा तेवढा अडवते, क्वार्ट्झ मात्र तोही सोडतं. बरं नळी खरी असली तरी उन्हाळ्यात आम्ही टँकर मागवतो, त्या पाण्याचा क्षार नळीवर पांढरा थर धरतो, पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की कणांच्या आडोशाला जंतू सुटतात, आणि दिव्याचं आयुष्य आठ-नऊ हजार तासांचं, म्हणजे रात्रंदिवस चालू असेल तर वर्षभराचं, त्यानंतरही तो निळा दिसतोच, फक्त जोर गेलेला असतो.

याच भानगडीवर मुंबईत जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. अशोक गाडगीळांनी अमेरिकेत बसून तोडगा काढला होता. 1993 च्या सुमारास बंगालमध्ये कॉलरा पसरला होता, त्यावरून त्यांनी यूव्ही वॉटरवर्क्स नावाचं पाणी शुद्ध करायचं यंत्र बनवलं, त्यात दिवा पाण्यात नाहीच, वर टांगलेला, पाणी खालून उताराने वाहतं, मिनिटाला पंधरा लिटरच्या आसपास. नळीच नाही तर थर बसणार कशावर! आमच्या घरच्या मशीनमध्ये ही सोय नाही, तिथे मेकॅनिकच्या भरवशावर बसायचं, आणि तो येतो तेव्हा गाळणीची कँडल बदलतो, वरून फडका मारतो आणि आरओ (पाण्यातले क्षार काढणारं मशीन) घ्या म्हणून मागे लागतो. खडकवासला धरणाच्या गोड पाण्याला आरओ कशाला हवाय?

तर विनंती एवढीच, या एएमसीवाल्यांवर काहीतरी छापा. कार्डावर दिवा कधी बदलला, नळी कधी काढून पुसली, कशाची बसवली हे लिहून सही केल्याशिवाय लोकांनी पैसे देऊ नयेत. आणि एक, यूव्हीच्या पाण्यात क्लोरीनसारखं मागे काही उरत नाही, त्यामुळे पिंपात दोन दिवस साठवून त्यात हात घालून तांब्या बुडवला की सगळं मुसळ केरात.

नवी नळी, नवा दिवा बसवून पुन्हा बाटली भरली होती. दोन दिवस ओट्यावर होती, काळी पडली नाही.

एक वाचक, धायरी, पुणे