विद्यापीठाचे ग्रंथालय आजी-नातवंडांसाठी उघडा

धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांचा जीव घेतला. अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. पण आलेला संदेश पारखायचा कसा, हे शिकवणार कोण? आता व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचे भासवून ‘डिजिटल अरेस्ट’च्या धाकाने ज्येष्ठांची पुंजी लुटली जाते. अशी अटक कायद्यातच नाही आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करता येते, एवढेही अनेकांना ठाऊक नसते.

हे काम विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी घ्यावे. माहितीचा उगम शोधणे हे ग्रंथपालांचे रोजचेच काम. रविवारी दोन तास आठवी-नववीची मुले आणि आजी-आजोबा एकाच टेबलाशी बसवावेत (वेगवेगळे वर्ग नकोत, हा माझा आग्रह). फोटो मुळात कधीचा, हे मोबाइलवर कसे शोधायचे ते नात दाखवील. जुन्या वृत्तपत्रांच्या फायली चाळायला आजोबा शिकवतील. त्यासाठी बाहेरच्या माणसाला दारातूनच परत पाठवण्याची पद्धत मात्र सोडावी लागेल.

– एक निवृत्त ग्रंथपाल, पुणे