नववीसाठी शाळा बदलताय? आधी हे वाचा

नमस्कार पालकहो,
डिस्लेक्सिया (वाचनात अडचण), डिसग्राफिया (लेखनात अडचण), डिसकॅल्क्युलिया (गणितात अडचण) अशा अध्ययन अक्षमता असलेल्या आपल्या आठवीतल्या मुलांसाठी शाळांची चौकशी सुरू झाली आहे. कृपया दहावीच्या निकालाच्या टक्केवारीवर जाऊ नका. शाळेत विशेष शिक्षक पूर्णवेळ आहे का, की आठवड्यातून एकदा येतो, हे विचारा. परीक्षेत मुलाच्या वतीने उत्तरं लिहिणारा लेखनिक कोण शोधतं, शाळा की पालक? मागच्या वर्षी किती मुलांनी परीक्षेतल्या सवलती घेतल्या? "बघू, करू" असं मोघम उत्तर आलं तर मी तरी तिथे प्रवेश घेणार नाही.

अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ हा मुलांचा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत. पण त्यासाठी सरकारमान्य रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायन आणि नायर रुग्णालयांत तपासणी होते, पण ती एका फेरीत उरकत नाही. म्हणून नाव आत्ताच नोंदवा.

एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, पर्यायही मनात ठेवा. तिथे विषय निवडता येतात, एकेक पेपरही देता येतो.

शाळा पाहायला मुलाला सोबत न्या. सहा तास तिथे त्यालाच बसायचंय.

रविवारच्या बैठकीला जुन्या तपासणी अहवालांच्या झेरॉक्स आणा.