दिवाळीत तुटलेला स्टड

लोकमान्य नगर, इंदूर
१४ डिसेंबर

चि. सुमेध यास अनेक आशीर्वाद.

घरी सगळे खुशाल. फोनवर गाडीचा विषय काढला की तुला लगेच मीटिंग आठवते, म्हणून कागद घेऊन बसलो आहे.

भाऊबीजेच्या दुपारी मॅनिफोल्डचा (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा) नट सोडवताना स्टड, म्हणजे नट बसतो ती आट्यांची सळई, तुटला. तू पाना आपटून उठलास, "भंगारात द्या हिला" म्हणालास आणि रात्रीच्या बसने पुण्याला गेलास. हिला भंगारात दिलेलं नाही. तू गेल्यावर आठवडाभर मीही बॉनेट उघडलं नाही. मग एक दिवस अंगण झाडताना जास्वंदाच्या कुंडीमागे तू भिरकावलेला तो नट सापडला, आत अडकलेल्या स्टडच्या तुकड्यासकट. सवयीने चष्मा लावून तुटलेलं तोंड पाहिलं आणि तिथेच पायरीवर बसलो.

तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग काळपट होता, गंज आणि काजळी बसलेला. एका कडेला तेवढी लहानशी चंद्रकोर चकचकीत होती. तुझ्या हातून तुटली ती फक्त चंद्रकोर. बाकीची चीर कितीतरी वर्षांपूर्वीची. तशी ताजी मोड काळी कशी असेल?

ती चीर कोणी पाडली, तेही सांगतो. २००९ मध्ये मीच मॅनिफोल्डची गॅस्केट, धूर गळू नये म्हणून मधे बसते ती पट्टी, बदलली होती. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की धूर गळल्याची टक-टक, तापलं की बंद. गॅस्केट नवी घालूनही आवाज जाईना, म्हणून मी नट आणखी आवळत गेलो. आवाज थांबला, मी खूश. खरं तर मॅनिफोल्डचा पत्रा सपाट आहे का, ते आधी पट्टी ठेवून पाहायला हवं होतं. ते न करता मी मनगटाच्या जोरावर काम भागवलं. आठ एमएमच्या त्या स्टडला वीस-पंचवीस न्यूटन-मीटर पुरतात. मी किती दिला असेल देव जाणे. उरलेला तुकडा परवा बाहेर निघाला तेव्हा तो कमरेत बारीक झालेला दिसला, ओढून ताणलेल्या चिक्कीसारखा.

तू पान्याला दोन फुटी पाइप लावलास, ती चूक मात्र तुझीच. वीस किलोचा जोर पाइपच्या टोकाला दिला की तिकडे एकशेवीस न्यूटन-मीटर पोचतात. तेवढ्याने चांगला स्टडही वाचला नसता. पण तुला तो जुना बारा कोनी रिंग पाना कोणी दिला? मीच. झिजलेला पाना नटाच्या कोनांवरच घसरतो. म्हणून मी सियागंजात जाऊन सहा कोनी गोट्यांचा (सॉकेटचा) सेट आणला. सहा कोनी गोटी नटाच्या सपाट बाजूंवर बसते. आई म्हणाली, "एवढ्या पैशात गाडी दोनदा गॅरेजला गेली असती." हिशोब तिचाच बरोबर आहे.

आता काम कसं झालं ते लिहितो. गंज लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे आट्यांमधली फट भरून नट आणि स्टड एकजीव होतात. (आपण आटे म्हणतो, इथले मिस्त्री चूडी.) तिथे जोर लावून उपयोग नाही, आत काहीतरी पातळ शिरायला हवं. डब्ल्यूडी-४० चा फवारा मारला, पण तो मुळात पाणी हटवण्यासाठी केलेला. नावाचाच तो अर्थ, 'वॉटर डिस्प्लेसमेंट', चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण, १९५३ सालचं. गंज सोडवणारं वेगळं तेल मिळतं, तेही आणलं. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तेल, आणि प्रत्येक वेळी नटाच्या डोक्यावर हातोडीने टकटक. मोडायला नव्हे, गंजाला बारीक तडे जाऊन तेलाला वाट मिळावी म्हणून.

नोकरीला लागलो तेव्हा इथल्या छावणी भागात एक म्हातारे मिस्त्री होते. ते नटावर तेल सोडायचे आणि सरळ चहाला निघून जायचे. मला वाटायचं, काय आळशी माणूस! गिऱ्हाईक ताटकळत बसलंय आणि हे चहाला!

चौथ्या दिवशी पाना लावला. आधी सोडवायच्या दिशेने नाही, किंचित आवळायच्या. जकड मोडते ती कुठल्याही दिशेने मोडते. मग उलट. इथे कान आणि मनगट जागं ठेवायचं. नट सुटतो तेव्हा "कट्ट" असा कोरडा आवाज येतो आणि हाताला झटका बसतो. आवाज न होता पाना मऊ-मऊ फिरायला लागला, ओल्या लाकडात स्क्रू फिरतो तसा, तर नट सुटत नसून स्टड पिळला जातोय. लगेच थांबून परत मागे घ्यायचा आणि पुन्हा तेल. तुझ्या वेळी तसंच झालं असणार. तू म्हणालाही होतास, "बाबा, हलला!" मी आत पेपर वाचत होतो.

एक नट सोडून बाकीचे असे निघाले. तो एक गोलच झाला होता, छिन्नीने उभा चिरून काढला.

राहिला तुझा स्टड. इंजिनाच्या हेडच्या बाहेर जेमतेम दोन मिलिमीटर टोक. तुटलेले स्टड काढायचं ईझी-आउट माझ्याकडे आहे, पण त्याला हात लावला नाही. ते कडक पोलाद असतं, आत मोडलं तर ड्रिलसुद्धा त्याच्यावर चालत नाही. जूनी इंदूरचा एक वेल्डर स्कूटरवर मशीन घेऊन आला. बॅटरीच्या दोन्ही तारा काढल्या, पेट्रोलची नळी बंद करून बाजूला केली, कार्बुरेटरवर ओलं पोतं टाकलं, आधी फवारलेलं तेल पुसून घेतलं आणि पाण्याची बादली शेजारी. टोकावर नट ठेवून त्याने आतून वेल्ड भरला. हेड ॲल्युमिनियमचं, वेल्ड त्याला धरत नाही. दोनदा नट उखडला. तिसऱ्यांदा धरला, लाल झाला, काळा पडेपर्यंत थांबलो. पाना लावला, कट्ट. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, भोक सैल होतं, त्याचीही मदत झाली असणार.

स्पार्क प्लगला मात्र हा गरम खेळ करू नकोस. गरम हेडमधून प्लग ओढला तर ॲल्युमिनियमचे आटेच बाहेर येतात. प्लग नेहमी थंड इंजिनावर.

मॅनिफोल्ड आता काढून ठेवलाय. पट्टी ठेवून पाहिली, मधे वाकलेला आहे, लेथवर द्यावा लागेल. नवे स्टड आणलेत, तांब्याचं ग्रीस आणलंय. बसवायला घाई नाही. तू संक्रांतीला येतोस का ते कळव.

सोबत लवंग शेव पाठवतोय. तुझा तुकडा मी त्याच डब्यात ठेवत होतो, आई ओरडली, म्हणून काडेपेटीत घालून वेगळा बांधलाय. चष्मा नसला तरी मोबाइलचा कॅमेरा जवळ धरून बघ, चंद्रकोर दिसेल.

तुझा,
बाबा